निवडणाचं माप

आक्काच्या सासूबाईंना माणसांपेक्षा बदकं जास्त आवडायची, आणि ही गोष्ट त्या माणसांच्या तोंडावर सांगायच्या. त्यामुळे अंगणातली कोवळी पिल्लं एकामागून एक माना टाकायला लागली तेव्हा घराचा नूरच बदलला. सासूबाईंनी आधी शेजारणीच्या मांजरावर आळ घेतला, मग नळाच्या पाण्यावर, मग मांजराला बाजूला सारून थेट शेजारणीवर. मेलेली पिल्लं त्यांनी टोपलीखाली झाकून ठेवली होती आणि कुणाला हात लावू देत नव्हत्या. शेवटी आक्का कामावरून येताना जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना सोबत घेऊनच आली.

डॉक्टरबाईंना सर्दी झाली होती आणि घाईही होती. त्यांनी अंगणातच वर्तमानपत्र पसरलं, एक पिल्लू उघडलं आणि नाक ओढत बराच वेळ आत बघत बसल्या. यकृत सुजलेलं होतं, पिवळट पडलं होतं.

"यांना खायला काय घालता?"

"काय घालते म्हणजे? मी खाते तेच घालते," सासूबाई फणकारल्या. "शेंगदाणे. तेही कुणी दान दिलेले नाहीत, हक्काचे आहेत."

त्या हक्काची गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण सासूबाई ती सांगितल्याशिवाय कुणालाच सोडायच्या नाहीत, आणि त्या दिवशी डॉक्टरबाईही सुटल्या नाहीत.

आक्का काम करायची तो कारखाना शेंगदाण्यांचा. यंत्रात शेंगा फुटायच्या, टरफलं बॉयलरच्या भट्टीत जायची आणि दाणे एका लांबलचक पट्ट्यावरून सरकत यायचे. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना बायका बसायच्या. काळा, सुरकुतलेला, फुटका, कोंब आलेला, हिरवट लव धरलेला दाणा दिसला की उचलायचा आणि बाजूला टाकायचा. उरलेला स्वच्छ माल पोत्यांत भरून परदेशी जाई. वेचून काढलेल्या मालाला कारखान्यात निवडण म्हणत. सासूबाई पट्ट्यावर होत्या त्या काळी थोरले मालक निवडणसुद्धा विकून टाकायचे. बायकांनी मागून पाहिलं, विनवून पाहिलं, रडूनही पाहिलं. मग एके दिवशी सासूबाई जागेवरून उठल्या, फाटकापाशी गाड्या तोलायचा मोठा काटा होता त्याच्या मधोमध जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "करा आता वजन." भरलेल्या गाड्यांची रांग लागली. त्या काळी त्यांचं स्वतःचं वजनही काही कमी नव्हतं, हे त्या न चुकता सांगायच्या. ऊन उतरायच्या आत थोरल्या मालकांनी हात टेकले.

तेव्हापासून दर शनिवारी सुटीच्या आधी निवडण बायकांमध्ये वाटलं जाऊ लागलं. माप सासूबाईंच्याच घरचं, एका बाजूने चेपलेला पत्र्याचा डबा. प्रत्येकीला एक माप, मग पुन्हा पहिलीपासून, निवडण संपेपर्यंत. सासूबाई थकून घरी बसल्या, पट्ट्याची मुकादमी आक्काकडे आली आणि डबाही आला. मात्र तो कारखान्यात ठेवायचा नाही, घरी खुंटीला टांगायचा आणि शनिवारी न्यायचा, असा सासूबाईंचा दंडक होता. मालकाच्या छपराखाली ठेवलेला डबा आपला राहील यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

या निवडणावर कितीतरी घरांतल्या कोंबड्या, बदकं, शेळ्या पोसल्या गेल्या. त्यातलं जरा बरं दिसणारं बायका धुऊन, खरपूस भाजून घरात खात. आक्काच्या घरात तर दुसरा शेंगदाणा विकत आणल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मूठभर दाणे पिशवीत बांधले. "तपासून येऊ देत. तोवर यातला एक दाणाही कुणाच्या पोटात जाता कामा नये. बदकाच्या नाही आणि तुमच्याही नाही."

तपासणीचा निकाल घेऊन त्या परत आल्या तेव्हा त्यांची सर्दी गेली होती, पण चेहरा उतरला होता. त्या पायरीवर बसल्या.

"दाण्याला बुरशी धरते आणि ती बुरशी एक विष तयार करते. ते दिसत नाही, चवीला कळत नाही. कोवळ्या बदकांना ते सगळ्यात आधी बाधतं. आणि पोत्यातले सगळे दाणे विषारी नसतात बरं का. थोड्याच दाण्यांत सगळं विष साठलेलं असतं. तुम्ही बायका नेमके तेच दाणे उचलता."

आक्काच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तो तिला मुळीच आवडला नाही. पट्ट्यावर नवी बाई आली की ती दरडावून सांगायची, वाईट दाणा एकही सुटायला नको. एकही सुटला नव्हता. सगळे घरी आले होते.

"पण मी भाजून घेते की," सासूबाई म्हणाल्या. "धूर निघेपर्यंत भाजते."

"भाजून बुरशी मरते, आजी. तिने केलेलं विष तसंच राहतं. गाईला घातलं तर दुधात उतरतं, आणि दूध कितीही उकळलं तरी जात नाही."

"काहीतरीच! इतकी वर्षं खाल्लं मी, मेले का?"

"सगळ्यांनाच होतं असं नाही. आणि व्हायला वर्षं लागतात. हळूहळू यकृत…" डॉक्टरबाई बोलता बोलता थांबल्या, कारण सासूबाईंचा चेहरा एकदम बदलला होता.

"माणसाचंही यकृत जातं?"

"जाऊ शकतं."

आक्काचे सासरे गेले ते यकृतानेच. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, आणि धडधाकट माणूस बघता बघता खंगून गेला. आयुष्यात त्यांनी दारूला स्पर्श केला नव्हता. तरी चोरून पीत असणार, असं नातलग म्हणाले, पट्ट्यावरच्या बायकाही पाठीमागे कुजबुजल्या. सासूबाई ज्याच्या त्याच्याशी भांडल्या आणि शेवटी भांडायच्याही थांबल्या. सासऱ्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम मूठभर भाजलेले दाणे असायचे, हे मात्र त्या वेळी कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"ह्यांचं तसंच झालं असेल का?" सासूबाईंनी विचारलं.

"आता ते कुणीच सांगू शकणार नाही, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत याबद्दल आक्काला त्यांचे आभार मानावेसे वाटले, आणि त्यांचा रागही आला.

सासूबाई उठून आत गेल्या. त्यांनी खुंटीवरचा डबा काढला, पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि डबा पोटाशी धरला. आक्का जवळ गेली तेव्हा भिंतीलाच म्हणाल्या, "सगळं खोटं आहे. मालकानेच पढवलं असेल तिला, आणि तुलाही. माझा हक्क डोळ्यांत सलतोय त्याच्या. जा तू."

आक्काला ते लागलं. सून म्हणून या घरात आल्यापासून तिने सासूबाईंची बोलणी ढिगाने खाल्ली होती, पण मालकाच्या बाजूची असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती मालकांच्या खोलीत गेली. हे धाकटे मालक. थोरले शिव्या द्यायचे, पण समोर काय वाढून ठेवलंय ते त्यांच्यापाशी कळायचं तरी. धाकटे गोड बोलायचे. त्यांनी आक्काला खुर्ची दिली, सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"बाप रे! आजपासून निवडण बंद. एक दाणा बाहेर जाणार नाही. आपण सगळे एका घरातले आहोत, आक्का. तुमच्या तब्येतीपुढे मला दुसरं काही नाही."

"बंदच करा, मालक," आक्का म्हणाली आणि हलक्या मनाने पट्ट्यावर परतली. मालकांना एखादी गोष्ट इतक्या चटकन पटली यातच पाणी मुरत होतं, पण ते तिला तेव्हा दिसलं नाही.

ते दाखवलं तिच्या दिराने. दीर बॉयलरवर होता. दिवसभर भट्टीसमोर उभं राहून त्याचा चेहरा कायमचा लालबुंद झाला होता, त्यामुळे तो रागावलाय की लाजलाय हे कळायला मार्ग नसायचा. जेवणाच्या सुटीत तो पट्ट्यापाशी आला.

"वहिनी, निवडणाची पोती मागच्या शेडमध्ये रचताहेत. शनिवारी गाडी येणार आहे म्हणे. पशुखाद्याच्या कारखान्याची."

आक्का हातातला घास तसाच टाकून मालकांच्या खोलीत शिरली. या वेळी तिला कुणी खुर्ची दिली नाही.

"मालक, ते विष आहे."

"म्हणून तर तुम्हाला देत नाही."

"आणि गाईंना देताय!"

"मी कुठे देतोय? मी विकतोय. ते लोक पोतंभर मक्यात मूठभर मिसळतील. कुणाला कळायचंही नाही."

"माझ्या लेकीचं बाळ वरच्या दुधावर आहे, मालक."

"मग नीट उकळून द्यायला सांगा तिला." मालक हसले. "हे बघा, आक्का, काल तुम्हीच इथे बसून म्हणालात, बंदच करा. मी केलं. आता ते निवडण कारखान्याचं आहे. त्याचं काय करायचं ते कारखाना बघेल."

आक्काचे कान तापले. सासूबाईंनी काट्यावर बसून मिळवलेली गोष्ट तिने खुर्चीवर बसून देऊन टाकली होती, आणि वर हलक्या मनाने कामाला लागली होती. स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी असं तिला वाटलं. तिथे मालक होते म्हणून तिने तसं केलं नाही.

बायकांना सांगणं त्याहून अवघड गेलं. पट्ट्यावर एक बाई होती, तिला सगळे भोंगा म्हणत, कारण ती बोलायला लागली की सुटी झाली असं समजून लोक उठायचे. ती आधी उसळली.

"तू कोण गं आमचा वाटा सोडणारी? विचारलंस का कुणाला?"

"नाही विचारलं. चुकलं माझं. आता परत घ्यायचा आहे."

"विष आहे म्हणतेस, आणि परत घ्यायचं म्हणतेस. डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तसं नव्हे," दुसरी एक पुढे सरसावली. "मालक विकणार तर आपणच विकू की त्या पशुखाद्यवाल्याला. चार पैसे आपल्या हातात येतील."

काही जणींनी माना हलवल्या. आक्काने ते पाहिलं आणि ती भडकली.

"विक! खुशाल विक! आणि संध्याकाळी पोराला दूध कुठल्या गाईचं पाजशील तेही सांगून जा मला!" आक्काने आवाज खाली आणला. "ते आपलं आहे तोवरच आपल्याला त्याची विल्हेवाट लावता येईल. मालकाचं झालं की ते फिरून आपल्याच घरी येणार, दुधातून, अंड्यांतून. मला ते खायला नको, विकायला नको. मला ते जाळायला हवंय."

"पण भाजून जात नाही म्हणालीस ना?" भोंगा म्हणाली. "मग जाळून कसं जाईल?"

"मीही डॉक्टरबाईंना हेच विचारलं. भाजल्यावर दाणा उरतो. भट्टीत घातला तर राख उरते. राख खाणार आहेस का?"

"हिचा नेम नाही, फुकट मिळाली तर खाईल," मागून कुणीतरी म्हणालं. भोंग्यासकट सगळ्या हसल्या, आणि आक्काला जरा धीर आला.

शनिवारी सकाळी ती सासूबाईंच्या पलंगापाशी उभी राहिली. आठवडाभर त्या सुनेशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. डबा अजून पोटाशीच होता.

"आई, तुमचा हक्क मी घालवला. मालकाने गोड बोलून माझ्या तोंडूनच काढून घेतला. आज परत आणायला निघालेय. पण घरी आणणार नाही, जाळणार आहे. डबा द्या."

सासूबाईंनी कूससुद्धा बदलली नाही. आक्काने थोडी वाट पाहिली आणि ती रिकाम्या हाताने कामावर गेली.

दुपारी पशुखाद्याची गाडी आली. मागच्या शेडमधली पोती तिच्यात चढू लागली. सुटीच्या आधीची ती वेळ झाली तशी आक्का मालकांपुढे जाऊन उभी राहिली. "निवडण वाटायची वेळ झाली, मालक."

मालकांनी तिच्या हातांकडे पाहिलं. "माप कुठंय तुमचं?"

आक्का वळली, पट्ट्याच्या टोकाशी गेली आणि मोठ्याने म्हणाली, "बायांनो, हात वर!"

सगळ्या हात मागे घेऊन बसल्या. पट्टा चालूच होता. काळे दाणे, हिरवे दाणे, सुरकुतलेले दाणे चांगल्या दाण्यांच्या जोडीने दिमाखात पुढे निघाले आणि परदेशी जायच्या पोत्यांत टपाटपा पडू लागले. मालक खोलीतून धावत आले.

"अहो, हे काय चालवलंय? वेचा! वेचा ते!"

"आम्ही आमच्या तब्येतीची काळजी घेतोय, मालक," आक्का म्हणाली. "विषाला हात कशाला लावायचा?"

"तो माल बाहेर जाणार आहे! तिकडे दाणा न् दाणा तपासतात!"

"तपासू देत की. पोतंभर चांगल्यात मूठभर वाईट. कळायचंही नाही कुणाला."

मालकांनी स्वतःच धावत जाऊन पट्ट्याचं बटण बंद केलं. एकाएकी सगळा कारखाना शांत झाला, आणि त्या शांततेत फाटकाकडचा आरडाओरडा ऐकू आला. गाडीचा चालक हॉर्नवर हात ठेवून बसला होता. रखवालदार कुणाला तरी विनवत होता.

सगळे तिकडे धावले. काट्याच्या मधोमध सासूबाई बसल्या होत्या. आता त्यांचं वजन पूर्वीचं राहिलं नव्हतं. पण गाडीसमोर त्या ऐसपैस मांडी घालून बसल्या होत्या आणि मांडीवर चेपलेला डबा होता. घरातून इथवर त्या कशा आल्या हे त्यांनी नंतरही कुणाला सांगितलं नाही.

"करा वजन," त्या चालकाला म्हणत होत्या.

मालक पुढे झाले. त्यांनी तोंडावर हसू आणलं. "आजी, उठा बरं. ऊन लागेल. अहो, ते निवडण विषारी आहे, तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

"सांगितलंय."

"मग?"

"मग काय? विष असलं तरी माझं आहे. दे माझं मला." सासूबाईंनी डबा उचलून काट्यावर आपटला. "तुझ्या बापाने इथेच उभं राहून शब्द दिलाय. चांगलं असेल तर तुमचं असं नव्हता म्हणाला. निवडण तुमचं म्हणाला होता."

आक्का पुढे जाऊन सासूबाईंच्या शेजारी काट्यावर बसली. तिच्यामागून भोंगा येऊन बसली, मग पट्ट्यावरच्या सगळ्याच. बसायला जागा पुरेना तेव्हा उरलेल्या गाडीला टेकून उभ्या राहिल्या. मालकांनी बंद पट्ट्याकडे पाहिलं, अडलेल्या गाडीकडे पाहिलं, काळे दाणे पडलेली पोती आता पुन्हा उपसून वेचावी लागणार आणि ती वेचणाऱ्या याच बायका, हेही बहुधा त्यांच्या ध्यानात आलं.

"न्या! न्या तुमचं ते निवडण आणि घाला चुलीत!"

"चुलीत नाही, भट्टीत," आक्का म्हणाली.

"माझ्या बॉयलरमध्ये?"

"तेलकट माल आहे, मालक," दीर मागून म्हणाला. त्याचा चेहरा लाल होता, पण या वेळी तो हसत होता. "जाळ झकास होईल. टरफलं वाचतील तुमची."

पोती उतरली. सासूबाईंनी डबा आक्काच्या हातात दिला. नेहमीसारखी रांग लागली. आक्काने नेहमीसारखंच डबा भरून वरून तळव्याने सपाट करून एकेकीच्या पिशवीत माप ओतलं. एरवी ती पिशवी घराकडे जायची. आज प्रत्येक बाई ती घेऊन बॉयलरपाशी गेली, दिराने लोखंडी दार उघडून धरलं आणि तिने आपला वाटा आत रिकामा केला. भोंग्याने तर टाकताना अशी काही आरोळी ठोकली की रखवालदाराने घड्याळ पाहिलं. फेरीमागून फेरी झाली. आवारभर भाजल्या दाण्यांचा वास पसरला. वास इतका छान होता की आक्काच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याची तिला भयंकर चीड आली.

शेवटच्या पोत्याच्या तळाशी जेमतेम एक माप उरलं. रांग संपली होती. आक्काने ते डब्यात भरलं आणि आता हे कुणाचं म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

"इकडे आण," सासूबाई म्हणाल्या. "हे ह्यांचं."

त्यांनी डबा घेतला, स्वतःच्या तळव्याने पुन्हा एकदा सपाट केला आणि भट्टीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दिराने त्यांना धरायला हात पुढे केला, तो त्यांनी झिडकारला. जाळाची धग तोंडावर घेत त्या मागे वळल्या आणि जमलेल्या एकेकीकडे, मुद्दाम जुन्या बायकांकडे, सावकाश बघत गेल्या.

"त्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ऐकलंत ना सगळ्यांनी?"

भोंग्याने मान खाली घातली. "ऐकलं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज शेजारणीलाही धड ऐकू गेला नाही.

"मोठ्याने बोल," सासूबाई म्हणाल्या.

"ऐकलं, मावशी!"

मग सासूबाईंनी डबा आत उपडा केला.